अत्तरासाठी पुढे केलेला हात

अत्तरदाणी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी हात पुढे केला. चूक माझीच.

शेजारच्याने केला म्हणून मी केला. पालथा हात, बोटं जुळवलेली, मान जराशी झुकलेली. माझ्या डावीकडे कारखान्याच्या हिशेब खात्यातले एक कारकून बसले होते. मंडळाचे सचिव चांदीची अत्तरदाणी घेऊन रांगेतून वाकत वाकत येत होते. कारकुनाच्या हातावर त्यांनी अत्तराचं बोट ओढलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या उजवीकडच्या म्हाताऱ्याच्या हाताला बोट लावलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही.

तेवढ्यात गवयाने सा लावला. दारं बंद झाली. आणि माझा हात तिथेच राहिला. हवेत.

आता मुळापासून सांगतो. मूर्खपणालाही मूळ असतं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी खलासी. लोखंडाचे गर्डर तारेच्या दोराला बांधून वर चढवायचे, ही माझी विद्या. बायको त्याच साइटवर रेजा होती, डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहायची. राहायला खुर्सीपारच्या मजूर वस्तीत, पत्र्याखाली. एक दिवस कँटीनच्या फळ्यावर नोटीस दिसली. मराठी मंडळात रविवारी सकाळी गाणं. नागपूरचे बुवा येणार. सर्व मराठी कुटुंबांना आग्रहाचं निमंत्रण, तिकीट नाही. मी ती दोनदा वाचली. वाचता येत होतं, हीच पंचाईत झाली.

गाणं मला नवं नव्हतं. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. तिथे देवळात सप्ताहाला गाणं व्हायचं आणि आम्ही पोरं देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून ऐकायचो. भिंत गार लागायची. आवाज यायचा, टाळ्या यायच्या, हसू यायचं. गाणाऱ्याचं तोंड मात्र मी कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, फार देखणा असला पाहिजे. नाहीतर आमच्यापासून एवढा लपवून कशाला ठेवतील?

पुढे नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेतली. घराच्या भिंतीवरचे देव गेले, फोटो आला. मला वाटलं, देवळाची ती भिंतही गेली.

रविवारी मी पांढरा बुशशर्ट घातला. बूट वेल्डिंगवाल्या बिहारी दोस्ताचे आणले. ते एका बोटाने आखूड होते. बायको म्हणाली, "सोयरीक पाहाले चाल्ले का?"

मंडळाचा हॉल म्हणजे सेक्टरमधली एकच लांबट खोली, पुढे व्हरांडा. सचिव दारातच उभे होते. कारखान्यात मोठे साहेब, इथे धोतर. त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावरून त्यांना काही उमगेना. गाव विचारलं. तेही सांगितलं.

"अरे वा, ते गाव मला माहीत आहे," ते म्हणाले. "गावात घर कोणत्या बाजूला तुमचं?"

मी खूश. भिलाईत गावचं विचारणारा माणूस भेटतो कुठे?

"नाल्याच्या पल्याड, साहेब. पूर्वेकडं. मोठं बोरीचं झाड हाय न, त्याच्या खाली पयलंच घर."

बोरीचं झाड त्यांनी विचारलंच नव्हतं. ते मी वरून दिलं.

"अस्सं," ते म्हणाले.

त्या 'अस्सं'मध्ये काय होतं ते कळण्याआधी मी बूट काढून आत गेलो आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसलो. तोंड पाहायला आलो होतो ना. बुवांना माईक चालत नव्हता. बाहेर रविवारीही काँक्रीटचे मिक्सर घरघरत होते. म्हणून गाणं सुरू झालं की दारं-खिडक्या बंद होतील, मध्ये कोणी उठायचं नाही, असं सचिवांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं.

तर हात हवेत.

मागे घ्यावा, तर रिकामा परत आलेला सगळ्यांना दिसेल. तसाच ठेवावा, तर भीक मागितल्यासारखा दिसतो. मग मला अक्कल सुचली. हात वरखाली करायला लागलो, जसा काही मी ताल धरतोय. एक, दोन, तीन, चार. मान पण डोलवली. आलापीला ताल नसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तबलजी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तबल्याकडे पाहिलं, आणि गालात हसला. मागून कोणीतरी खुसखुसलं.

मी हात मांडीखाली दाबला आणि त्यावर बसलो.

हॉलवरचा पत्रा तापत होता. खिडक्या बंद. सगळ्या खोलीत खस अत्तराचा वास, प्रत्येक हाताला, एक माझा सोडून. कारकुनाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, तो सरकला. मग म्हाताऱ्याचा सरकला. पाहता पाहता सतरंजीवर माझ्या दोन्ही अंगांना वीत वीत जागा झाली. एवढ्या दाटीत मी एकटा ऐसपैस बसलो होतो. पायाला मुंग्या आल्या, हलवता येईना. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, लपवता येईना. पाठीमागे सगळी खोली, समोर गवई, दारं लावलेली. साठ फूट उंचीवर गर्डरवर चालताना माझा जीव कधी घाबरला नव्हता. तिथे जमिनीवर बसून घाबरला.

गवयाचं तोंड मात्र दिसलं. देवीचे व्रण. पुढचा एक दात अर्धा. तान घेताना जबडा असा वाकडा करायचा, की दाढ दुखत असावी. यासाठी मी लहानपणी भिंतीला पाठ घासली होती.

मध्यंतर झालं. दारं उघडली. चहा आला. सचिव माझ्याजवळ येऊन वाकले. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही असं करा, आता व्हरांड्यात बसा. तिथून छान ऐकू येतं. हवाही मोकळी आहे."

आणि मी उठलो.

हे लिहिताना लाज वाटते, पण उठलो. "हो साहेब" पण म्हटलं. माझ्या आधी माझे पाय उठले. त्यांना पिढ्यांची सवय. उलट बरंच वाटलं, सुटलो म्हणून.

व्हरांड्यात मंडळाचा झाडूवाला भिंतीला पाठ टेकून बसला होता. छत्तीसगढी माणूस, माझ्याच वयाचा. मला पाहून तो सरकला. पण हा जागा करून द्यायला सरकला.

"आ भाई, इहां बइठ," तो म्हणाला. "हमन इहेंच ले सुनथन."

आम्ही इथूनच ऐकतो. किती सहज म्हणाला. भिंतीला जिथे त्याचं डोकं टेकायचं तिथे तेलाचा गोल डाग पडला होता. मी तो डाग पाहिला. तसाच एक आमच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर असेल. माझ्या डोक्याचा. माझ्या बापाच्या डोक्याचा.

बूट समोर होते. एक पाय घातला. दुसरा घातला की घर. कोणी अडवत नव्हतं. आत असताना जे दार उघडावं म्हणून तडफडलो, ते आता सताड उघडं होतं.

मी बूट काढला.

"चल भाई, भीतर बइठबो," मी झाडूवाल्याला म्हटलं.

तो हसला. "नई भाई. तैं जा."

आत गेलो. तीच जागा, पहिली रांग. ती रिकामीच होती, तिथे कोण बसणार? सचिव घाईने आले.

"अहो, तुम्हाला सांगितलं ना. बाहेर सगळं ऐकू येतं."

"ऐकू तर मले जन्मापासून येते, साहेब. मी पाहाले आलो."

"हट्ट करू नका. इथे सगळी घरची माणसं आहेत."

"मी बी घरूनच आलो."

कारकून चहाच्या बशीत पाहत राहिले. बुवांनी सगळं ऐकलं. त्यांनी तानपुऱ्याची खुंटी पिळली आणि तार जुळवून घेतली. सचिवांनी जाऊन दार लावलं. मी पुन्हा आत बंद. आता मात्र दार माझ्या मर्जीने लागलं होतं.

गाणं कसं झालं, विचारू नका. एक सूर कानात शिरला नाही. सगळा जीव न उठण्यात होता. शेवटची भैरवी संपेपर्यंत मी खिळ्यासारखा बसलो, दोन्ही हात मांडीवर, दिसतील असे.

घरी बायको भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. सचिवांना दिलेली उत्तरं दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा आवाज जरा चढवून. ती परातीतून मान वर काढत नव्हती.

"अन् म्याबी ठरवलं," मी म्हटलं. "दर बैठकीले जाईन. पयल्याच रांगेत. एकटा नाई, तू, पोरं, गल्लीतले सारे. उठवाले आले तर एकेकाले उठवू देत. अन् त्या व्हरांड्यातल्याले आत घेतल्याबिगर मी बसणार नाई."

"येईन न मी," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पिठाच्या हाताने माझा हात ओढला, नाकाशी नेला आणि सोडून दिला. ग्रीसचाच वास होता.

"पण मले एक सांगा," ती म्हणाली. "गाणं आयकाले गेलते, का हात पसराले?"