पीटर बाकावरून उठला नाही

ऑपरेशन थिएटर तयार होतं, पण एक फॉर्म टेबलावर कोराच पडला होता. मोनिकाचं हे तिसरं सिझर. सोनोग्राफी बघून डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, गर्भपिशवीवरची जुन्या टाक्यांची जागा फार पातळ झालीय. पुन्हा दिवस गेले तर फाटेल, बाई हातची जाईल. म्हणून बाळ काढतानाच नळ्या बांधायच्या, म्हणजे पुन्हा मूल होत नाही. त्याला वेगळी सही लागते.

ठाण्याच्या त्या मॅटर्निटी होममध्ये मी तीस वर्षं आया होते. सही अडते ती नवऱ्यामुळे, हे मला पाठ होतं. ही तर ख्रिस्ती माणसं, त्यांच्यात हे ऑपरेशन पाप मानतात. मी बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला, पीटरला धरलं. तो वागळे इस्टेटला लेथवर कामाला.

"अजून किती पोरं हवीत रे? ही मेली तर देव येणार का त्यांना आंघोळ घालायला?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, मी कधीच हो म्हटलंय. तीच नको म्हणते. तुम्ही सांगून बघा ना."

मी आत गेले. मोनिका कुशीवर पडली होती.

"सही का करत नाहीस?"

"जाणूनबुजून केलेलं पाप ते. मग कम्युनियन कसं घेऊ?"

कम्युनियन म्हणजे चर्चमध्ये फादर देतात ती पवित्र भाकर. असं पाप मनात ठेवून ती घेत नाहीत.

"आम्ही तारखा सांभाळू, मावशी."

"तारखा सांभाळूनच हे तिसरं आलंय."

ती हसली नाही. मॅडम म्हणाल्या, "तिची सही नाही, तर मी हात लावणार नाही." मुलगा झाला. नळ्या तशाच राहिल्या.

दोन महिन्यांनी पीटर एकटाच आला. पुरुषांचं ऑपरेशन कुठे करतात, विचारायला.

"तुमच्यात हेही पापच ना?" मी म्हटलं.

"हो. पण ते माझं."

"मोनिकाला सांगितलंस?"

"सांगितलं. दोन दिवस बोलली नाही."

त्याने ऑपरेशन करून घेतलं. पुढे मोठ्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनला त्यांनी मला बोलावलं. सगळे रांगेत उभे राहिले. मोनिका गेली, मुलगी गेली. पीटर माझ्याशेजारी बाकावरच बसून राहिला, मांडीवर धाकटा.

"तू नाही जात?"

"आधी फादरना सांगावं लागतं, पस्तावा झाला म्हणून. मला झाला नाही. खोटं कसं सांगू?"

मोनिका परत आली. त्याच्याकडे न बघता शेजारी गुडघे टेकून बसली. मग हात पुढे करून धाकट्याला घेतलं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एक पाळलं. सही अडली की नवऱ्याला झापायच्या आधी विचारायचं, नको कोण म्हणतंय.