चांगुणाबायची रांग

मशीनवर बसण्याआधी चांगुणाबाय मशीनच्या डोक्यावर एक सणसणीत चापट मारायची. गोठ्यात शिरलेली बाई म्हशीच्या पाठीवर मारते तशी. मग चप्पल काढून भिंतीशी सारायची, लुगड्याचा काष्टा चाचपायची आणि म्हणायची, "चल गो, ऊठ. लय निजलीस." एवढं झाल्याशिवाय तिने कधी स्विच लावला नाही. मशीन विजेवर चालणारी, लोखंडाची, तिला चापट काय कळणार? पण गाळ्यात सगळ्यांत कमी बिघडायची ती तिचीच मशीन.

चांगुणाबाय जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्या बाराव्याला मी नायगावला गेले होते. ओटीवर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "बिचारी, जन्मभर राबली." मला तो 'बिचारी' शब्द असा काही झोंबला की मी चहाचा कप खाली ठेवला. बिचारी? चांगुणाबाय? शेठला भर गाळ्यात गप्प करणारी बाई बिचारी? मी तिथेच चार शब्द सुनावले. ते पुरे पडले नाहीत म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

वसई स्टेशनच्या पूर्वेला हायवेच्या बाजूने छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. त्यातल्या एका गाळ्यात गाद्यांची कव्हरं शिवली जायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सावंतवाडीहून विरारला भावाकडे राहायला आले होते, आणि वहिनीच्या घरात बसून खाणं माझ्या स्वभावात नव्हतं. शिवणक्लासचा कोर्स केला होता. गावात माझ्या ब्लाउजला नाव होतं. त्या ऐटीत मी गाळ्यात शिरले आणि शेठने माझ्या हातात धागे कापायची कात्री दिली.

गाळ्याचा तसा रिवाजच होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे मोडायलाही हाताशी काही नव्हतं. मशीनवर बसतो तो कारागीर आणि कारागीर म्हणजे पुरुष. बायका हेल्पर. त्यांनी धागे कापायचे, शिवलेलं कव्हर उलटं करायचं, घड्या घालायच्या, झाडू मारायचा. हेल्परचा पगार हेल्परचा, आणि मान तर त्याहून कमी. बाईमाणसाने मशीनवर बसू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. पण शेठ ते वेदवाक्य असल्यासारखं सांगायचे: "बाया लग्न करतात, बाळंत होतात, सुट्ट्या घेतात. त्यांना मशीन देऊन काय करू?"

याला अपवाद एकच, चांगुणाबाय. ती नायगावच्या मिठागरातून आलेली. लहानपणापासून डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या, टाचा भेगाळून दगड झालेल्या. मिठागरं आटत गेली तशी ती गाळ्यात हेल्पर म्हणून लागली. गाळ्यातले सगळ्यांत जुने कारागीर बशीरचाचा. दुपारी बाकीचे आडवे झाले की चाचा विडी पेटवायचे आणि तिला आपली मशीन द्यायचे. "सीख ले बहन, मशीन को क्या पता कौन बैठा है," असं म्हणायचे. गादीच्या कव्हराची लांब चेन सरळ बसवणं कुणालाच धड जमेना, ते तिला जमलं. अडला हरी म्हणून शेठने तिला एक मशीन दिली, आणि सगळ्यांना बजावलं, "ही एकटीच हां." चांगुणाबायने ते ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

माझी शिकवणी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत तिने मला बोलावलं. "क्लास केलास म्हनं?"

"हो. सर्टिफिकेट आहे."

"मंग बस. बगू."

घरच्या मशीनवर आपण काय करतो? उजव्या हाताने चाक फिरवून द्यायचं आणि दोन्ही पाय मागेपुढे झुलवायचे. इतकी वर्षं अंगात मुरलेलं तेच मी केलं. विजेची मशीन पाय दाबला की सुसाट सुटते आणि टाच टेकली की करकचून थांबते. मी पाय झुलवला, मशीन किंचाळली, थांबली, पुन्हा किंचाळली. चाकावर ठेवलेला माझा तळहात चांगलाच भाजून निघाला. कापड गोळा झालं आणि सुई मोडून कुठेतरी उडाली. दाराशी डबा खाणारे कारागीर हसले. मी रडकुंडीला आले, पण रडले नाही.

चांगुणाबाय हसली नाही. "शिकून आलेल्या सगल्या हेच करतात," ती म्हणाली. "ती घड्या घालनारी सेलिन बग, काय पन शिकली नव्हती, चार दिसांत हात बसला. तुला आदी इसरावं लागंल."

विसरायला लावायची तिची रीत तिच्यासारखीच होती. कमरेच्या पिशवीतून तिने खडेमीठ काढलं आणि माझ्या दोन्ही मुठींत भरलं. "मुठी मांडीवर ठेव. नुसता पाय चालव. मूठ उघडलीस तर मीठ मशीनवर सांडंल, लोखंडाला गंज धरंल, आन मंग मी हाय आन तू हायस." मशीनला ना धागा, ना कापड. मी अनवाणी पाय ठेवून दाबायची, सोडायची. हात सारखा चाकाकडे धाव घ्यायचा आणि मुठीतलं मीठ टोचायचं. घामाने ते विरघळायचं, भाजलेल्या तळव्याला असं चरचरायचं की ब्रह्मांड आठवायचं. मी एकदा चिडून म्हणाले, "बाय, हा छळ आहे."

"हाय तर," ती शांतपणे म्हणाली. "मिठागरान आमी ह्याच्यावर पोटं भरली. तू एक मूठ धरून रडतेस?"

हात चाकाला विसरला तेव्हा कुठे मला कागद मिळाला. जुन्या वर्तमानपत्रावर ती खडूने रेघा ओढायची, आधी सरळ, मग चौकोन, मग गोल. बिनधाग्याच्या सुईने त्या रेघांवरून भोकं पाडत जायचं. नंतर ती कागद शटरच्या उजेडात धरायची आणि एक डोळा मिटून बघायची. भोक रेघेबाहेर दिसलं की कागद परत. सुईची भीती वाटते म्हटलं तर म्हणायची, "सुईला डोला एक, तुला दोन. मंग घाबराचं कोनी?" कारागिरांपैकी कुणी टोमणा मारला, "चाची, औरत का हाथ काँपता है," तर तिचं उत्तर तयार असायचं: "थंडीत तुजा पन काँपतो बाबा. तुला कोन घरी बसवला का?"

दर वर्षी होळीला कारागीर गावी जायचे आणि लग्नंकार्यं उरकून मेअखेरीस परतायचे. तेवढे दिवस शेठना बायकांची आठवण यायची. "चला, बसा मशीनवर," असं गोड बोलून ते हेल्परना कामाला लावायचे, आणि कारागीर परतले की कात्र्यांचं ताट फिरवायचे. बायका निमूट उठायच्या, कात्री घ्यायच्या. मी लागले त्या वर्षीही होळीनंतर शेठ म्हणाले, "बसा." आम्ही रिकाम्या मशिनींकडे धावलो, तर चांगुणाबाय आडवी आली.

"त्या मशिनी त्यांच्या हायेत. ते आले का उठावंच लागंल. परक्याच्या ताटावर जेवाची सवय लावू नका."

गाळ्याच्या मागच्या भिंतीला जुन्या मशिनींची एक रांग होती. कुठलाच कारागीर त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर कापडाचे तागे रचून ठेवलेले. चांगुणाबायने तागे उतरवले, रॉकेलने मशिनी धुतल्या, तेल घातलं, पट्टे बदलून घेतले. एकेकीला एकेक मशीन नेमून दिली आणि स्वतःची मशीनही ढकलत त्या रांगेत आणली. शेठ बघत होते. काम होतंय म्हटल्यावर त्यांना काय? तिथेच आम्ही कव्हराचा कोपरा शिकलो. गादीच्या कव्हराच्या कडेला दोरी भरलेली गोट असते. सरळ शिलाईवर कुणीही धावेल, पण ती गोट कोपऱ्यावरून चुणी न पडता वळवणं म्हणजे खरी परीक्षा. मोठी ऑर्डर होती, आणि आमचे कोपरे बघून माल तपासणारा शेठचा माणूस एकही कव्हर परत पाठवत नव्हता.

मे सरला. कारागीर परतले. सकाळी शेठ आपलं ते कात्र्यांचं ताट घेऊन आमच्यासमोर उभे राहिले. "चला बायांनो, सीझन संपला."

चांगुणाबायने मान वर केली नाही. "कोनी उठाचं नाय," ती म्हणाली.

सेलिनने एकदा कात्र्यांकडे पाहिलं. घरात ती एकटी कमावणारी. पण कुणी उठलं नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा मजा जास्त वाटत होती. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी 'ऊठ' म्हटलं होतं आणि मी बसून राहिले होते.

"ही काय दादागिरी?" शेठ म्हणाले. "कारागीर कुठे बसणार?"

"त्यांच्या जागेवर. बगा, सगल्या मशिनी मोकल्या हायेत. आमी त्यांचं काय घेतलं?"

बशीरचाचा तोवर आपल्या मशीनवर बसलेही होते. ते म्हणाले, "शेठ, ये तो अपनी जगह बैठी हैं. हमें कोई तकलीफ नहीं."

शेठचा चेहरा लाल झाला. तरातरा जाऊन त्यांनी मागच्या रांगेचा मेन स्विच खाली ओढला. मशिनींची घरघर बंद पडली. "आता बसा," असं म्हणून ते केबिनमध्ये गेले.

आम्ही मुक्या मशिनींसमोर बसलो. मग चांगुणाबायने कव्हर सुईखाली सरकवलं, उजवा हात उचलला आणि चाकावर ठेवला. "बगता काय? घरी कशी शिवता? हातान फिरवा."

जो हात आवरायला तिने आम्हाला मिठाचे चटके दिले, तोच हात ती आता चाकावर ठेवायला सांगत होती. आम्ही चाकं फिरवू लागलो. एकेक टाका, टक, टक. पायाचं काम हाताने करताना खांदे भरून यायचे, पण कोपरे मात्र अगदी देखणे येत होते. कारागीर मान वळवून वळवून बघत होते. हसत कुणीच नव्हतं. दुपारी कव्हरं न्यायला टेम्पो आला. टेम्पोवाल्याने आमच्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "लाइट गेली काय हो?" आणि पुढच्या मशिनी धडाधड चालताना बघून तो गोंधळला. शेठ केबिनच्या काचेतून सगळं पाहत होते. ऑर्डर अर्धी राहिली होती, आणि ते कोपरे शिवणारे हात मागच्या रांगेतच होते.

शेवटी त्यांनी चांगुणाबायला आणि बशीरचाचांना आत बोलावलं. काचेतून आम्हाला शेठचे हातवारे दिसत होते. ती पदर खोचून नुसती उभी होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीचाच होता.

"मागची रांग चालू राहील," ती म्हणाली. "तुमचा पगार आजपासून कारागिराचा. बशीरभायच्या समोर कबूल केलंय त्यानं."

आम्ही ओरडलोच आनंदाने. सेलिनने तिला मिठी मारली. मीच विचारलं, "आणि तू?"

"मना नाय ठेवत. पुडारी नको म्हनतो."

मी ताडकन उठले. माझ्यामागे सेलिन उठली. स्टुलं सरकल्याचे आवाज झाले. चांगुणाबाय अशी कडाडली की पुढचे कारागीरही दचकले.

"बसा खाली! एक जरी उठली ना, तर त्यो आत बसलाय त्यो हसंल. बायांना मशीन नको म्हनून त्यो जन्मभर सांगत आला, त्याला आज दाकवून देता का? बस सुनंदा."

"मला नको हे असलं काम."

"तुला नको, तर तुज्या मागून येनारीला हवंय. मना काय, हात माज्याकडंच हायेत. वसईत गाले कमी हायेत का? बस म्हनते ना!"

मी बसले. रागाने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेठवरचा राग, तिच्यावरचा राग, सगळाच. तिने चप्पल पायात सरकवली, बशीरचाचांना हात जोडले, मग स्वतः मेन स्विचपाशी गेली आणि तो वर केला. मागच्या रांगेतल्या मोटारी गुणगुणू लागल्या. मान ताठ ठेवून ती शटरखालून बाहेर पडली.

सेलिनने आधी पाय दाबला, मग मी, मग सगळ्यांनी. सुईखाली कापड आहे की नाही हेसुद्धा कुणी पाहिलं नाही. ती कोपऱ्यावर वळून हायवेला लागेपर्यंत तिला आमच्या मशिनी ऐकू जायला हव्या होत्या.