शिळ्या केसेस

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीत नवं कोणी राहायला आलं की नवऱ्याला विचारत, "कुठल्या प्रोजेक्टवर?" आणि बायकोला विचारत, "मुलं किती?" मी गाईंची डॉक्टर आहे असं सांगितलं की आधी सगळे हसायचे. मग कोणीतरी पुण्यातल्या मावशीच्या कुत्र्याला खाज सुटलीय, काय द्यावं, असं विचारायचं. मी फटकन सांगायचे की कुत्र्यामांजरांशी माझा काही संबंध नाही, माझं काम मोठ्या जनावरांचं. यावर समोरची बाई माझ्या दंडांकडे बघून विषय बदलायची.

जपानला यायच्या आधी मी दहा वर्षं सांगलीकडच्या एका दूध संघात डॉक्टर होते. सकाळी जीप निघायची ती दुपार कलल्यावर परत यायची. नवऱ्याच्या कंपनीने त्याला टोकियोला पाठवलं तेव्हा दोन वर्षांचा प्रश्न आहे असं ठरलं होतं. आयटीतल्या लोकांची दोन वर्षं कधी दोन नसतात, हे मला नंतर कळलं. आणि जपानमध्ये गाईला औषध द्यायचं तर जपानचं लायसन्स हवं, त्याची परीक्षा जपानीत. मी वॉर्ड ऑफिसच्या वर्गात बसून अजून पोस्टात काय बोलायचं तेच शिकत होते. हात नुसते शिवशिवायचे. सुपरमार्केटमध्ये दुधाच्या खोक्यावरचं फॅट वाचत मी उभी राहायचे आणि मागच्या बायका खोळंबायच्या.

माझी कॉलेजातली एक सीनियर तेव्हा क्योतोला पीएचडी करत होती. तिने फोनवर सांगितलं, "अगं, परदेशातल्या बोर्डाची स्पेशालिस्टची परीक्षा असते, खास दुभत्या जनावरांची. प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठीच आहे. स्वतःच्या केसेस लिहून पाठवायच्या, त्या पास झाल्या की परीक्षा."

मी त्याच आठवड्यात अभ्यासाला बसले. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरली, ताटं मांडीवर आली. नवरा चेष्टा करायचा, "डॉक्टरीणबाई, म्हैस काय तुझं सर्टिफिकेट वाचून दूध देणार आहे?"

त्याला काय सांगणार? दूध संघात असताना एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात मी पळत असे. सुई मारली, गोळ्या दिल्या, पुढचं गाव. जनावर बरं झालं तर कोणी कळवत नसे, आणि मेलं तरी बहुतेक नाहीच. लोक मला हुशार म्हणायचे. पण मी खरंच चांगली डॉक्टर होते की नुसती चटपटीत, हे मला कोणी कधी तपासून सांगितलं नव्हतं. मला ते हवं होतं. पगार वाढणार नव्हता, शेतकऱ्याला त्या पदवीचं नावसुद्धा घेता आलं नसतं. तरी हवं होतं.

मग अटी नीट वाचल्या. प्रॅक्टिस चालू हवी आणि केसेस अलीकडच्या हव्यात. माझ्याकडे केसेस होत्या, पण निशी-कसाईत गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक त्या शिळ्या होत होत्या. मी इथे कचरा वेगळा करत, सायकलवरून भाजी आणत बसले होते आणि तिकडे माझी दहा वर्षं नासत चालली होती. त्या दिवसांत मी घरात एका जागी बसत नसे. नवरा म्हणायचा, जरा खाली टेक, मला घेरी येतेय.

सीनियरनेच ओळख काढून मला टोकियोजवळच्या चिबातल्या एका गोठ्यावर जायची सोय करून दिली. तिथली जनावरांची डॉक्टर माझ्याच वयाची बाई होती, आणि तिने जपानमधली अशीच विशेषज्ञतेची परीक्षा दिलेली होती. स्टेशनवर ती छोटी पांढरी व्हॅन घेऊन आली. पहिलं वाक्य नमस्काराचं, दुसरं, "अलीकडे भारतात जाऊन आलात का?" नाही म्हटल्यावरसुद्धा, तिकडचा रोग इथल्या गाईंत यायला नको म्हणून तिने माझे बूट गाडीतच ठेवायला लावले, आपले दिले, आणि गोठ्याच्या दाराशी आम्ही दोघींनी औषधाच्या पाण्यात ते ब्रशने घासले. मला बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी मला डॉक्टरसारखं वागवत होतं.

आत एक नुकती व्यायलेली होल्स्टीन गाय उभी होती. चारा सोडलेला, पाठ किंचित वर उचललेली, दूध एकदम कमी. मला हात लावायची परवानगी नव्हती, पण तोंड कोण धरणार? मी म्हणाले, "तार गिळलीय."

आमच्याकडे अशी दहा जनावरं दाखवा, त्यातल्या निम्म्यांच्या पोटात तार नाहीतर खिळा निघेल. उकिरड्यावर चरणाऱ्या जनावरांचं तेच होतं. त्या बाईने गाईच्या डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावला, बोटाने टिचकी मारली आणि तो माझ्या कानाला दिला. आतून रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा आवाज आला. चौथं पोट डावीकडे सरकून वर तरंगत होतं. हे मी पुस्तकात किती वेळा वाचलं होतं, आमच्या म्हशींत ते जवळजवळ होतच नाही. आणि इथल्या गाईंना तर लहानपणीच पोटात लोहचुंबक सोडतात. तार गिळली तरी ती तिथेच चिकटून राहते.

कान गरम झाले. पण ती हसली नाही. गाडीशी परत आल्यावर तिने सिगारेट पेटवली आणि अडखळत्या इंग्रजीत विचारलं, "लाळ्या-खुरकूत तुम्ही खरा पाहिलाय?"

पाहिलाय म्हणजे? अख्खी गावं पाहिलीत. मी सांगत गेले. तोंडातून लोंबणारी लाळ, जिभेची सोललेली साल, लंगडत पाण्याशी येऊन पाणी न पिता परत जाणारे बैल. ती ऐकत राहिली. म्हणाली, "मला परीक्षेत त्याच्यावर पैकीच्या पैकी गुण होते. मी फक्त फोटो पाहिलेत."

"मग त्या परीक्षेचा उपयोग काय झाला?" मी विचारलंच.

तिने सिगारेटची राख झटकली. "आधी चुकले की मी गाईवर चिडायचे. आता काय चुकलं ते शोधते. आणि मीटिंगमध्ये मला कोणी चहा ओतायला सांगत नाही."

परतीच्या मेट्रोत मला बसवेना. जागा रिकामी असून मी दाराशी उभी होते. पुस्तकं टेबलावर पसरून काही होणार नव्हतं. मला गाई हव्या होत्या, ताज्या, माझ्या हाताखालच्या, आणि त्या तोझाई लाईनवर कुठेच नव्हत्या.

सांगलीला परत जायचंय असं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो ऑफिसातून येऊन मोजे काढत होता. मी भांडणाची पुरी तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "जा. तुझी घुसमट मला दिसत नाही असं वाटतं का तुला?" मग म्हणाला, "परीक्षा झाली की परत ये. तोवर मी रेटतो इथे." मला रडू आलं. त्याने अडवावं असं मनात कुठेतरी होतं, आणि त्याने अडवलं नाही याचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. मी म्हटलं, "येईन ना. दुसरं कुठे जाणारे?" तेव्हा ते खरं होतं.

मी सांगलीला परतले, पुन्हा जीपमध्ये बसले. फरक एवढाच पडला की आता जनावर बघून झालं तरी ते सुटत नव्हतं. चार दिवसांनी परत जायचं, बरं का झालं आणि का नाही ते शोधायचं, मेलं तर उघडून बघायचं. शेतकरी म्हणायचे, मॅडम, न बोलावता कशाला आलात? दोनदा माझ्या केसेस परत आल्या, तिसऱ्यांदा बोर्डाने घेतल्या आणि मी परीक्षा दिली. फोनवर नवरा टोकियोतच फुनाबोरीला घर बदलल्याचं सांगायचा, नव्या घरात उजेड चांगला आहे म्हणायचा. मी त्याला कोणाच्या तरी गाईच्या कासदाहाबद्दल सांगत असे. तो ऐकून घ्यायचा.

निकाल कळला तेव्हा मी एका गोठ्यात गाभण तपासणी करत होते. खांद्यापर्यंतचा हातमोजा काढून तिथूनच त्याला फोन लावला. पास झाले म्हटल्यावर तो इतका खूश झाला की ऑफिसातच मोठ्याने बोलला. शेजारच्या कोणाला तरी जपानीत सांगितलंही. मग आवाज खाली आला.

"आता येशील ना?"

समोर धार काढणारी बाई माझ्याकडे बघत होती. गाय रवंथ करत होती. मी त्याला म्हणाले, "एवढी गाय तपासते आणि फोन करते."

गाय तपासून झाली होती.