जलालभाईंच्या गाडीतले मागचे पट्टे

इसम नामे जलाल, वय अंदाजे छप्पन, धंदा भाड्याने मोटार चालविणे, राहणार भोर. बांधा सडपातळ, मिशी आहे. ओळखीची खूण : बोलताना समोरच्या माणसाऐवजी गाडीकडे पाहतो. सदर इसमाच्या ताब्यात हिरव्या रंगाची, लांब पाठीची, सन चौसष्ट सालची एक स्टेशन वॅगन असून, सदर वाहनात मागील आसनावरील प्रवाशांच्या, विशेषतः स्त्रीवर्गाच्या, सुरक्षिततेची समाधानकारक व्यवस्था करण्यात आलेली आहे.

ही व्यवस्था करायची पाळी जलालभाईंवर एका म्हशीमुळे आली.

त्यांच्या लेकीचं, फौजियाचं, लग्न होऊन ती वेल्ह्याला नांदायला गेली, त्या वर्षीची गोष्ट. ईदेला व्याही शाकिरभाई भोरला आले होते. त्यांना परत पोचवायला जलालभाईंनी गाडी काढली. पाहुणे पुढं आणि जलालभाईंची बायको जोहराबी मागं, मांडीवर शीरखुर्म्याचा डबा. पालीच्या फाट्याजवळच्या वळणावर म्हैस आडवी आली आणि जलालभाईंनी ब्रेक दाबला. म्हैस वाचली. जोहराबी मात्र मागच्या सीटवरून निघाल्या त्या थेट व्याह्यांच्या गळ्यात पडल्या, डब्यासकट.

शाकिरभाई खानदानी माणूस. ‘लागलं न्हाई ना?’ एवढंच विचारून ते वेल्हे येईपर्यंत राजगडाकडे बघत राहिले. दाढीतून शीरखुर्मा गळत होता, तोही त्यांनी पुसला नाही.

‘त्या गाडीत पुन्यांदा पाय ठेवायची न्हाई,’ जोहराबींनी घरी येऊन जाहीर केलं आणि त्या एस्टीनं फिरू लागल्या. स्टँडवर कंडक्टर विचारायचा, ‘काय भाबी, मालक भाडं जास्त सांगत्यात व्हय?’ मग सगळी एस्टी हसायची, आणि ते हसू संध्याकाळपर्यंत जलालभाईंच्या कानावर यायचं.

पुढं व्हायचं ते झालं. फौजियाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे लेकीला आणायला जाणं आलं. तिचा फोन आला.

‘अब्बा, अम्मी गाडीत बसून आली तर मी येते. अम्मी बसत न्हाई त्या गाडीत मला बसवता व्हय? न्हाईतर सासरे म्हणत्यात, जीपनं सोडतो.’

ज्याची स्वतःची मोटार त्याची लेक व्याह्याच्या जीपमधून माहेरी येणार! हलवायाच्या घरच्या लग्नात पेढे दुसऱ्या दुकानातून आणावेत, तसं झालं असतं. जलालभाईंनी तीन वेळा चहा मागितला आणि तिन्ही वेळा तो गार केला.

‘तू बसावंस म्हणून मी काय करू, सांग,’ शेवटी ते म्हणाले.

‘मला मागं बांधा,’ जोहराबी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. ‘पोत्यासारखं करकचून बांधा. मग बसते.’

जोहराबींनी पुढं बसण्याचा प्रश्नच नव्हता. पुढं पाहुणा बसतो, घरची बाई मागं बसते. हे भोरात कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे ते खोडायचीही सोय नाही.

जलालभाई पुण्याला जाऊन भंगारातून खांद्यावरून येणारे दोन पट्टे घेऊन आले. ज्या गाडीतले ते होते तिचा चेंदा झाला होता, पट्टे शाबूत होते. जलालभाईंना ही पट्ट्यांची शिफारसच वाटली.

उत्रोलीत गोरखचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो ट्रॉल्या बांधतो, खिडक्यांची ग्रिलं करतो. त्यानं गाडीभोवती फेरी मारली.

‘चाचा, कमरेचा पट्टा खाली कुठंबी बसंल. खांद्याचा वरनं यायला पायजे, आन् तुमच्या गाडीला मागं वर हाय काय? नुसती काच. काचंला बोल्ट मारू?’

‘काचेला हात लावून बघ, तुला ट्रॉलीलाच जोडतो.’

अखेर गोरखनं ट्रॉलीसाठी आणलेली जाड नळी वाकवली, मागच्या सीटच्या पाठीशी तिची कमान उभी केली आणि तिचे पाय तळातून खाली चासीला आवळले. कमानीला वरून पट्टे. गाडीत आता हत्ती बांधता आला असता. हत्ती नव्हता, म्हणून इंद्रायणी तांदळाचं एक पोतं सीटवर बसवून त्याला पट्टा लावला. पोत्यावर नजर ठेवायला गोरख पुढच्या सीटवर मागं तोंड करून बसला. जलालभाईंनी गाडी पळवली आणि करकचून ब्रेक मारला.

पोतं तसूभर हललं नाही. गोरखचं डोकं मागल्या मागं पुढच्या काचेवर आपटलं.

‘आई आई गं! पन पोतं बगा, चाचा, पोतं! काय ऐटीत बसलंय!’

दोघंही बराच वेळ पोत्याकडे कौतुकानं बघत राहिले. गोरखच्या टेंगळाचा कुणी वेगळा अर्थ काढला नाही.

बाजारच्या दिवशी पासलीच्या सरपंचीणबाई पट्टा लावून घरी गेल्या आणि पट्ट्यांची बातमी गावभर झाली. तिथल्या बनाबाई भाताचं बियाणं घेऊन गाडीत चढल्या आणि अडून बसल्या. ‘जलालभाऊ, सरपंचीणबाईला बांदून नेलं म्हनं. आन् आमी काय मोकळ्याच जायाचं?’ तेव्हापासून पट्ट्याची सीट मानाची झाली. पुढं बसायला कुणी तयार होईना.

मग लेकीला आणायचा दिवस उजाडला. जोहराबी मागं बसल्या. जलालभाईंनी स्वतः पट्टा लावला. ‘जरा आवळा,’ त्या म्हणाल्या. स्टँडवरच्या कंडक्टरनं हात जोडले. म्हशीच्या वळणावर जलालभाईंनी गाडी बैलगाडीच्या चालीनं घेतली. म्हैस नव्हती. त्यांना जरा वाईटच वाटलं.

वेल्ह्यात जेवणं झाली. निघताना शाकिरभाई म्हणाले, ‘मी बी येतो. सुनेला पोचवून उद्या एस्टीनं परततो.’ आणि सवयीनं त्यांनी पुढचं दार उघडलं.

जोहराबींनी चपळाईनं ते दार धरलं. पट्ट्याची मानाची सीट पाहुण्याला न देता आपणच तिथं बसायचं, हे त्यांच्या माहेरी कुणी केलं नव्हतं. शिवाय शाकिरभाई पुढं आणि आपण मागं, ही मांडणी त्यांनी एकदा पाहिली होती.

‘तुमी मागं बसा, शाकिरभाई. पट्टा हाय.’

‘अहो, पण तुमी?’

‘मी घरचीच हाय.’

तर मागं एका बाजूला फौजिया, दुसऱ्या बाजूला सासरे, मधे तिची पेटी. दोघं पट्ट्यात. पुढं, जन्मात पहिल्यांदा, जोहराबी. पालीच्या वळणाअलीकडे गाडी चालवता चालवता जलालभाईंनी एकदा त्यांच्या मोकळ्या खांद्याकडे पाहिलं.

‘जोहरा, तुला...’

‘रस्त्याकडं बगा,’ त्या म्हणाल्या. ‘म्हैस!’

म्हैस अजून लांब होती, झाडाआड, नुसती शिंगं दिसत होती. जलालभाईंना ती दिसलीच नव्हती. त्यांनी गाडी सावकाश थांबवली. म्हैस रमतगमत गेली. मागं शाकिरभाईंनी खाकरून दाढीवरून हात फिरवला.

‘इतकी वर्सं गाडी चालिवता,’ जोहराबी म्हणाल्या, ‘आन् म्हैस मला दाखवावी लागती.’

त्यानंतर जोहराबी एस्टीत बसल्या नाहीत. कंडक्टरला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. सदर वाहनातील व्यवस्था चालू स्थितीत असून स्त्रीवर्गाची तक्रार नाही.

जोहराबी पुढं बसतात. पुढच्या सीटला पट्टा नाही.