मस्कतहून एकेरी

लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला जाताना कोकमाच्या आगळाची, म्हणजे खारवलेल्या रसाची, बाटली मी स्वतः बंद केली होती. झाकणाखाली प्लास्टिक, वरून दोरा. आमच्या वेंगुर्ल्याकडची आई परदेशातल्या मुलीकडे आगळाशिवाय जात नाही. विमानतळाबाहेर आल्यावर पासपोर्ट हरवू नये म्हणून तो पर्समधून काढून आगळाची बाटली होती त्याच मोठ्या बॅगेत ठेवला. गाडीत बॅग आडवी झाली. घरी उघडली तेव्हा पासपोर्ट आगळात भिजून लाल झालेला, फोटोवरचे आवरण सुटलेले, आणि चेहरा माझा आहे हे मलाच सांगता येईना.

"आई, सोलकढीत बुडालीस," लेक हसली. मीही फारसे मनाला लावून घेतले नाही. नवीन पासपोर्टचा अर्ज करायचा, बाळंतपण उरकायचे, मग परतायचे, असा क्रम मनाशी लावला. कामांना क्रम लावला की ती होतात, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

आणि माहेराहून, वालावलहून, धाकट्या भावाचा फोन आला. आईने अन्न सोडले होते. डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगितले होते, आणि ती सारखे माझे नाव घेत होती.

अर्ज घेणाऱ्या केंद्रात सांगितले की नव्या पासपोर्टला वेळ लागेल, भारतातून तपासणी होऊन यावी लागते. लगेच निघायचे तर दूतावासाकडून एकेरी प्रवासाचा दाखला मिळू शकतो. त्यावर मायदेशी जाता येते, परत येता येत नाही. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर, त्याची सुट्टी अजून मंजूर नव्हती. लेकीचे दिवस भरत आले होते. म्हणजे आईकडे गेले तर पोरगी एकटी, आणि पोरीजवळ राहिले तर आई.

मी भावाला फोन लावला. आमच्याकडे अडचण आली की देवळात गाऱ्हाणे घालतात. गावकर देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणे मांडतो आणि जमलेले लोक "होय म्हाराजा" म्हणतात. लक्ष्मीनारायणापुढे काय सांगायचे ते मी भावाला नीट समजावू लागले. नवा पासपोर्ट याच आठवड्यात, त्यावर व्हिसा, मग जाण्यायेण्याचे तिकीट.

"गो ताये," तो म्हणाला, "देवाक काय बाजाराची यादी दितंस? गप रव आणि आयक."

त्याने फोन देवळात नेला. मी केंद्राबाहेरच्या बाकावर आवाज मोठा करून बसले. गावकराने पासपोर्टचे नावही काढले नाही. "बा म्हाराजा, ह्या लेकराक वाट सुचत नाय, तिका वाट दाखव," एवढेच. पलीकडून होकार उमटला, आणि माझ्या शेजारूनही कुणीतरी हळूच म्हणाले, "होय म्हाराजा."

वळून पाहिले. गळ्यात क्रूस, मांडीवर कागदांची पिशवी, माझ्याहून थोडी मोठी बाई. नाव फिलोमिना, गाव शिरोडा. मस्कतमध्ये शाळेत शिकवत होत्या आणि स्वतःच्या पासपोर्टसाठी आल्या होत्या.

"आमच्या शेजारचे असाच गाऱ्हाणा घालीत," त्या म्हणाल्या. "काय झाला गो बाये?"

मी सगळे सांगितले. त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा माझो पासपोर्ट मालकाकडे अडकलो होतो. माका तिका माती देवूक गावली नाय. तू जा. तुझ्या चेडवापाशी मी रवतंय."

ओळख नाही, देख नाही. पण त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या, लेकीशी बोलल्या, तिच्या डॉक्टरांना फोन केला, आणि दोघी माशाच्या कालवणावरून वाद घालू लागल्या. लेक म्हणाली, "आई, तू जा. मला भीती नाही वाटत." मी एकेरी दाखल्याचा अर्ज केला. लेकीला परक्या हाती सोपवून, आयुष्यात प्रथमच पुढचे काही न ठरवता मी विमानात बसले.

वालावलला पोहोचून उशाशी बसले तेव्हा आईने डोळे उघडले. "इलंस गो?" एवढेच म्हणाली. माझ्या हातून दोन चमचे पेज घेतली. दोनच दिवसांनी, माझ्या मांडीवर डोके असताना ती गेली. नातेवाईक म्हणाले, तुझीच वाट बघत होती. असेलही. मी त्यावर बोलत नाही.

आईच्या सुतकाचे दिवस चालू असतानाच मस्कतहून फोन आला. नात झाली होती, आणि तिला सर्वांत आधी हातात घेतले होते फिलोमिनाबाईंनी. जावई दुसऱ्या दिवशी पोहोचला. मी देवाकडे पासपोर्ट मागत होते, त्याने माणूस पाठवला. आपण मागतो ते आपल्याला सुचेल तेवढेच असते. देण्याचे मात्र त्याच्यावर सोडावे, एवढे मला कळले.

सुतकामुळे देवळात जाता येत नव्हते. मी अंगणात आले, कळस दिसतो त्या बाजूला तोंड करून हात जोडले, आणि बराच वेळ काहीही न मागता उभी राहिले.