सोळा लुगडी नेसवून झाल्यावर

शाळेतल्या नाचाच्या बाईंनी स्प्रेचा डबा उचलला आणि मी बसले होते त्या कोपऱ्यात फवारा मारला. एकदा नाही, तीनदा. थेंब माझ्या गालावर आले. मोगऱ्याचा वास होता. मग म्हणाल्या, "मावशी, झालं ना तुमचं? आता मागच्या गेटने निघा. पुढे पेरेंट्स बसलेत."

मीही पेरेंटच होते. पण "हो बाई," म्हणाले आणि उठले.

सोळा मुलींना लुगडी नेसवून झाली होती तेव्हा. वाकून वाकून कंबर धरली होती. त्या दिवशी मी धक्क्यावर मच्छी घ्यायला गेलेच नव्हते. दादरच्या बाजारातली माझी जागा नणंदेला दिली होती. दोनदा आंघोळ केली, हातांना लिंबू चोळलं, धुतलेली साडी नेसले. कोणी सांगितलं नव्हतं. लाज आधीच अंगात भरून ठेवलेली असते.

माझी मुलगी तन्वी त्या शाळेत दहावीला आहे. पाचवीपासून शाळेच्या नाचाच्या ग्रुपमध्ये. दहावीनंतर तिला नाच आणि नाटक शिकवतात त्या कॉलेजात जायचंय. तिथे शाळेचं पत्र लागतं, ही मुलगी शाळेत मुख्य नाच करत होती असं. यंदा शाळांच्या स्पर्धेसाठी नाच बसवणाऱ्या बाईंनी कोळी नृत्य निवडलं. वर्गात सगळ्यांसमोर तन्वीला म्हणाल्या, "तू तर घरचीच. मधे तूच." तन्वी वरळीला कोळीवाड्यातल्या घरापर्यंत नाचतच आली असेल. सासूबाई म्हणाल्या, "शालेन नाच शिकवतान काय गो? आमाला कोनी नाय शिकवला." हसल्या, पण कपाट उघडून स्वतःचं हिरवं लुगडं काढून दिलं. बाकीची गल्लीतल्या बायकांनी दिली. कोणी लग्नातलं दिलं, कोणी मेलेल्या आईचं.

बाईंनी मला बोलावलं. चार शनिवार मी बाजार आटपून गेले. मुली टोपल्या कमरेवर घेऊन, कंबर हलवत चालत होत्या. शेवटी म्हटलं, "बाई, पाटी डोक्यावर असते. कमरेवर घेतली तर मच्छीचं पाणी अंगावर येतं."

"मावशी, स्टेजवर कुठे पाणी असतं?" सगळ्या हसल्या. पण पुढच्या शनिवारी पाट्या डोक्यावर गेल्या होत्या. मान ताठ ठेवून कसं चालायचं ते मी दाखवलं. वल्हं मारताना जोर खांद्यातून कसा येतो ते दाखवलं. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. तन्वीसाठी राहिले.

स्पर्धा आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये होती. लुगडी नेसवून झाल्यावर बाईंनी मुलींना ओळीत उभं केलं. मधे एका ट्रस्टींची भाची. तन्वी शेवटच्या ओळीत. मी हळूच विचारलं, "बाई, तन्वी मधे होती ना?"

"स्टेजवर चेहरा लागतो मावशी. ती लाईटमध्ये दिसतच नाही."

तन्वी खाली बघत होती. पंधरा मुली ऐकत होत्या. नंतर तो स्प्रे.

मी मागच्या गेटपर्यंत पोचले होते. शिपाई धावत आले. "ताई, बाई बोलावतात. लवकर चला."

स्टेजमागच्या खोलीत ती भाची रडत उभी होती. लुगडं अर्धं सुटलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं. माझी पाठ वळल्यावर बाईंनी ते घोट्यापर्यंत ओढून पिना लावल्या होत्या. गुडघे दिसतात म्हणून. वल्हं मारायला मुलगी खाली बसली आणि पिना तुटल्या. आमच्या लुगड्याला पिन नसते. पायांमधून घट्ट ओढून मागे खोचलं की त्यात बाई होडीत चढते, उतरते, दिवसभर उकिडवी बसून मच्छी विकते. ते सुटत नाही. गुडघे दिसतात, कारण गुडघ्यांना काम असतं.

"पटकन मावशी, पाच मिनिटं आहेत."

नेसवू नये असं एकदा वाटलं. खोटं कशाला लिहू. पण पोर थरथरत होती. माझ्या मुलीच्या वयाची. तिने काय केलं होतं? मी नेसवलं, गुडघ्यापर्यंत. ती म्हणाली, "थँक्यू आंटी." बाईंनी माझ्याकडे न बघता नुसतं बोट केलं, मागच्या दाराकडे. मांजराला करतात तसं.

ते बोट बघून माझं डोकं फिरलं. मी दुसऱ्या दाराने निघाले. स्टेजच्या बाजूच्या पायऱ्या उतरले, हॉलमध्ये गेले आणि पहिल्या रांगेतल्या कडेच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

बाई आल्या. वाकून, हसऱ्या चेहऱ्याने, दात आवळून म्हणाल्या, "मावशी, ही जागा राखीव आहे."

"माझी मुलगी नाचतेय. बघून जाते."

"अहो, लोकांना वास येतो."

"ज्याला येतो त्याला उठवा."

माझाच आवाज होता. मोठाही होता. शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं. तेवढ्यात पडदा वर गेला आणि बाईंना जावं लागलं.

तन्वी मला नीट दिसली नाही. तिच्या डोक्यावरची पाटी तेवढी दिसत होती. सोळा पाट्यांमध्ये ती एकच हलत नव्हती. शाळेला दुसरं बक्षीस मिळालं. नाच बसवला म्हणून माईकवर बाईंचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. माझं नाव त्यांना माहीत तरी होतं का?

दुसऱ्या दिवशी तन्वी शाळेतून आली आणि दप्तर फेकलं. पत्र मागायला गेली होती. बाई वर्गासमोर म्हणाल्या, "आईला आधी कुठे बसायचं ते शिकव, मग पत्र माग."

"तू गप्प निघून का नाही गेलीस, आई? माझं कॉलेज गेलं."

मी तिची समजूत काढली नाही. ती खरं तेच बोलत होती. मी बसले त्याची शिक्षा तिला मिळाली. गप्प गेले असते तरी मधली जागा गेलीच होती. गप्प राहून आम्हाला काय मिळालं होतं ते मी आठवून पाहिलं. शेवटची ओळ. आणि मोगऱ्याचा स्प्रे.

काल बाईंचा फोन आला. स्पर्धेची पुढची फेरी आहे. लुगडी हवीत, नेसवायला मी हवी. "झालं गेलं विसरून जाऊ, मावशी."

"लुगडी मिळणार नाहीत."

"मुलींचं नुकसान होईल हो."

"माझी मुलगी त्या मुलींतलीच आहे."

त्यांनी फोन ठेवला. तन्वी समोर बसून सगळं ऐकत होती.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. बाईंकडे नाही, मोठ्या बाईंच्या ऑफिसात. पत्र मागणार. पाचवीपासून माझ्या मुलीने जे केलं तेवढंच लिहा म्हणणार, एक शब्द जास्त नको. नसेल द्यायचं तर का देत नाही ते कागदावर लिहून मागणार, खाली सहीसकट. म्हणतील, मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळणार. मी चौथी शिकले आहे. सावकाश वाचते, पण पूर्ण वाचते. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून झाल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.