तानाजीअण्णांची मांडणी

काल जुना डेटाबेस नव्या मशीनवर हलवताना एका इंडेक्सला माझं नाव दिसलं आणि नाकात फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास भरला.

तेव्हा उद्यमबागेतल्या त्या फाउंड्रीत कॉम्प्युटरच्या कामावर मी नवी होते. ओतकामाचे साचे पाडायच्या लाकडी पॅटर्नची यादी गिऱ्हाइकांच्या नावाने, तारखेप्रमाणे मागितली की स्क्रीनवर यायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात स्टोअरचे तानाजीअण्णा पॅटर्न काढून हातात द्यायचे.

"इंडेक्स केलाय, तरी अडतंय कुठं?" मी वैतागले.

"तुझी मांडणी नंबरानं, आन् मागतीस पार्टीच्या नावानं. दरवेळी समदं उपसून परत लावायला लागतंय की गं! माझं रॅक बघ. आधी पार्टी, मग तारीख."

मी तस्साच इंडेक्स केला. यादी क्षणात आली. "लई भारी!" म्हणत अण्णांनी टाळी वाजवली.

आता अण्णा कशाला हवेत, असं मालकांनी दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं.

जाताना त्यांनी विचारलं, "ही मांडणी माझी म्हणून मालकास्नी सांगितलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

सांगितलं नव्हतं. इंडेक्सला नावसुद्धा माझंच दिलं होतं.